पंक्चरचा व्हिडिओ : शाळेच्या प्रकल्पासाठी घरच्या घरी शिकवणारी फिल्म कशी करावी

‘एखादी कृती शिकवणारा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ तयार करा.’ प्रकल्पाच्या यादीत हे वाक्य दिसलं की पहिला विचार केकचा येतो. माझ्या नववीतल्या भाचीलाही तोच आला. पण निम्मा वर्ग केकच करणार होता, आणि जिन्याखाली तिची सायकल महिनाभर पंक्चर होऊन पडली होती. म्हणून आम्ही पंक्चर काढायला शिकवायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न चौदा मिनिटांचा झाला. आम्ही खूश होतो. तिच्या बाबांना फोन दिला, पुढ्यात सायकल ठेवली आणि म्हटलं, “भावजी, हे बघून पंक्चर काढा.” तिसऱ्याच मिनिटाला त्यांनी व्हिडिओ थांबवला. “टायर उचकटायची ती पट्टी नेमकी कुठे घुसवलीस ते तुझ्या डोक्याने झाकलंय.” खरंच झाकलं होतं. चेहरा, बोलणं, संगीत, नावं सगळं होतं. ज्या एका जागी बघणाऱ्याला मदत हवी होती तीच जागा नव्हती. दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही तो पहिल्यापासून केला. खाली जे लिहिलं आहे ते त्या दुसऱ्या खेपेचं.

विषय कापून लहान करा

कृती तुम्हाला स्वतःला यायला हवी, तासाभरात संपायला हवी, आणि तिच्यात नवखा माणूस हमखास अडखळतो अशी निदान एक जागा हवी. अशी जागाच नसेल तर व्हिडिओची गरज काय? चिठ्ठीवर लिहून देता येईल.

‘उकडीचे मोदक’ हा एक विषय नाही, तीन आहेत: उकड काढणं, सारण शिजवणं आणि कळ्या पाडणं. चार मिनिटांत तिन्ही कोंबले की एकही शिकवून होत नाही. फक्त कळ्या घ्या. साडीला फॉल लावणं, कुंडीत मेथी पेरणं, पारंपरिक आकाशकंदिलाचा सांगाडा बांधणं हे सगळं चालेल. ‘पर्यावरणाचं रक्षण’ चालणार नाही, कारण त्यात हाताला काम नाही.

विषय ठरला की कृती दोनदा करा, फोन बाजूला ठेवून. आम्ही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांच्या टपरीपाशी अर्धा तास बसलो. तिथे दोन गोष्टी कळल्या ज्या आम्हाला सुचल्याच नसत्या. एक म्हणजे ते चाक काढतच नाहीत. टायरची एक कड उचकटून तेवढी ट्यूब बाहेर ओढतात. दुसरी म्हणजे ठिगळ लावून झाल्यावर, ट्यूब आत ढकलण्यापूर्वी, ते टायरच्या आतून फडकं फिरवतात. का? तर बाभळीचा काटा अजून टायरमध्येच रुतलेला असतो. तो राहिला की गल्लीच्या टोकाशी पुन्हा फुस्स. आमचा पहिला व्हिडिओ नेमका हे फडकं विसरला होता.

(काकांचं चित्रीकरण करायचं असेल तर आधी विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर नुसतं बघून या. बघण्यातच खरा फायदा आहे.)

संहिता: दोन रकाने

मुंबईच्या आयआयटीत ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे. संगणकाची मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ तिथे तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. शिकणाऱ्याने एकीकडे बघायचं, थांबवायचं आणि तेच शेजारी करून बघायचं, अशी त्यांची रचना असते. त्यांची संहिता दोन रकान्यांची: एकात पडद्यावर काय दिसतं ते, दुसऱ्यात काय ऐकू येतं ते. आम्ही हीच रीत वहीत उतरवली:

| दिसतं | ऐकू येतं |
|---|---|
| हवा भरलेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात, जवळून | ट्यूब थोडी थोडी करून पाण्यात दाबा. बुडबुडे येतात तिथे भोक आहे. |
| खडूने भोकाभोवती गोल | ट्यूब पुसून लगेच खूण करा. नंतर भोक सापडत नाही. |
| पॉलिश पेपरने घासणारा हात | ठिगळापेक्षा मोठी जागा घासा. चकाकी गेली पाहिजे. |
| ठिगळ चिकटवायचं सोल्युशन लावलेली ट्यूब, बोटाने हलकेच तपासताना | आता चार-पाच मिनिटं थांबा. ओल्या सोल्युशनवर ठिगळ धरत नाही. |

डावा रकाना आधी भरा, सगळाच्या सगळा. उजवा नंतर. उलट केलंत तर निबंध तयार होतो आणि मग त्याला चित्रं शोधत बसावं लागतं.

उजव्या रकान्यात बोलायची भाषा हवी. ‘सर्वप्रथम आपण ट्यूब बाहेर काढून घेणार आहोत’ असं कुणी शेजारच्या मुलाला सांगतं का? ‘आता ट्यूब ओढून बाहेर काढा’ एवढं पुरे. ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये’ ही प्रस्तावना माझ्या मते सरळ कापावी. पहिल्या दहा सेकंदांत बसलेलं चाक दाखवा, मग फिरणारं चाक दाखवा, आणि लागणाऱ्या वस्तू एका पोत्यावर मांडून दाखवा. वस्तूंची नावं एकदा ठरली की शेवटपर्यंत तीच. एकदा ‘पट्टी’, एकदा ‘लिव्हर’, एकदा ‘ते लोखंडाचं’ असं झालं की बघणारा तीन वस्तू शोधतो. आणि ‘हे असं इथे दाबा’ हे वाक्य आढळलं की खोडा. काय, कुठे, कशाने ते नाव घेऊन सांगा.

घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. मिनिटाला शंभरेक शब्द ही शिकवण्याला बरी गती आहे. चार मिनिटांच्या व्हिडिओला म्हणजे अडीचशे-तीनशे शब्द पुरतात, कारण मधे शांतताही हवी. हात काम करत असतो.

फोनची तयारी

फोन कुठलाही चालेल. लेन्स मात्र सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातून फिरणाऱ्या फोनच्या लेन्सवर तेलाचा हात लागलेला असतोच, आणि मग सगळं धुक्यातलं दिसतं. मागचा कॅमेरा वापरा, पुढचा नको. फोन आडवा धरा. रिझोल्यूशन १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम. ‘फोर के’चा मोह टाळा, फाइल कित्येक पट मोठी होते आणि जुना लॅपटॉप एडिटिंगला बसला की रडतो. १०८०पीलाही मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या क्लिपा तीन-चार जीबी खातात. जागा आधी रिकामी करा. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन वेळी आजीचा फोन येतो आणि चित्रीकरण थांबतं.

ट्रायपॉड नसला तर किलोभर तांदळाची पिशवी घ्या. तिच्यात फोन रुतवून हवा तसा कलता ठेवता येतो आणि तो हलत नाही. वरून चित्रीकरण करायचं असेल तर दोन खुर्च्यांवर फळी आडवी टाका, फोनचा कॅमेरा फळीच्या कडेबाहेर येईल असा ठेवा, आणि फोनच्या शेपटीवर तीच तांदळाची पिशवी. खाली जमिनीवर काम करा. फोन पडणार नाही ना, हे आधी गादी अंथरून तपासा. आमचा पडला होता. गादी होती म्हणून निभावलं.

उजेड

सकाळची खिडकी किंवा गॅलरी, बस्स. खिडकी तुमच्या बाजूला हवी. पाठीमागे असेल तर तुम्ही काळी सावली होता. गच्चीवरचं दुपारचं ऊन टाळा, सावल्या कोळशासारख्या पडतात. सावलीची बाजू उजळायला समोर पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, फरक लगेच दिसतो.

दिवसाचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र करू नका. दोन्हींचा रंग वेगळा असतो, एक हात पिवळा आणि एक निळसर दिसतो. संध्याकाळी दिव्यातच काम करायची वेळ आली तर आणखी एक भानगड आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं आणि चित्रात सरकणारे पट्टे दिसतात. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. नसेल तर दिवा बदलून बघा, नाहीतर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी उठा.

आमच्या विषयात काळी ट्यूब होती. काळ्या वस्तूने कॅमेरा फसतो. ‘अंधार आहे’ असं समजून तो सगळं उजळवतो, आणि हात पांढरेफटक दिसू लागतात. उपाय असा: पडद्यावर हाताच्या जागी बोट दाबून धरा, बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड तिथे अडकून राहतो. ट्यूबखाली फिकं पोतं अंथरा. भोकाची खूण पांढऱ्या खडूने करा, निळ्या पेनाने केलेली दिसत नाही.

चित्रीकरण: कॅमेरा कृती करणाऱ्याच्या खांद्यामागे

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त चुकते. समोर बसून शिकवलं की तुमचा उजवा हात बघणाऱ्याला डावीकडे दिसतो. तो प्रत्येक वेळी मनात उलटवतो आणि गोंधळतो. शिवण, गाठी, कळ्या, नट फिरवणं, यात तर फारच. कॅमेरा कृती करणाऱ्याच्या खांद्यामागून किंवा थेट डोक्यावरून लावा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे माझेच हात आहेत.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायचे शेकडो छोटे व्हिडिओ केले. त्यातले पाच-सहा आवाज बंद करून बघा. बहुतेक वेळ पडद्यावर हात आणि वस्तू. चेहऱ्याचं काम फारसं नाही. आवाज नसतानाही बरंचसं कळतं. ही कसोटी स्वतःच्या क्लिपांना लावा.

प्रत्येक पायरी तीनदा करा. एकदा लांबून, म्हणजे सायकल आणि माणूस कुठे आहे ते कळतं. एकदा हात दिसतील एवढ्या अंतरावरून. एकदा अगदी जवळून, बोट आणि भोक. जवळचं हवं तर फोन जवळ न्या. दोन बोटांनी झूम केलं की चित्र फाटतं. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर मनात पाच मोजा, मग हात हलवा. काम झाल्यावर हात तसेच ठेवून पुन्हा पाच मोजा. ही सेकंदं एडिटिंगला सोन्यासारखी लागतात. चुकलात तर रेकॉर्डिंग थांबवू नका, तेवढीच पायरी पुन्हा करा.

आणि एक चूक मुद्दाम करा. आम्ही ओल्या सोल्युशनवर ठिगळ चिकटवलं, ते सरकलं, कडेने उचललं गेलं. ते जवळून घेतलं. भावजींनी नंतर सांगितलं की पाच मिनिटं थांबायचं का, हे त्यांना त्या सात सेकंदांमुळे पटलं; सांगण्याने पटलं नव्हतं.

जिथे टायरची कड पुन्हा रिममध्ये बसवायची असते तिथे जास्त वेळ द्या. शेवटची वीतभर कड हट्टी असते. नवखा तिथे पट्टी घालून जोर लावतो, ट्यूब चिमटीत सापडते आणि नवं भोक पडतं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल करायची आणि कड अंगठ्यांनी ढकलायची, हे आम्ही कापाकापी न करता सलग चाळीस सेकंद ठेवलं. घासण्याचं काम मात्र चौपट वेगाने पळवलं, त्यात बघण्यासारखं काही नाही.

सुरक्षिततेचं एक वाक्य हवंच. पंक्चरचं सोल्युशन पेट घेतं. देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब, वारं खेळतं अशा जागी बसा. टायरच्या आत उघडं बोट फिरवू नका, कापड घ्या. चौकटीत घराच्या नावाची पाटी, शाळेचं ओळखपत्र किंवा शेजारची लहान मुलं येत नाहीत ना, तेही बघा.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा

काम करता करता बोलायला जाऊ नका. धाप लागते, वाक्य मोडतं, आणि मागे कुकरची शिट्टी होते. चित्रीकरण आधी उरका, आवाज नंतर शांतपणे.

घरातली सगळ्यात चांगली जागा कपड्यांचं कपाट. दार उघडं ठेवून कपड्यांकडे तोंड करून बसा; लटकलेल्या साड्या आणि शर्ट प्रतिध्वनी गिळतात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. पंखा बंद. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूला, कारण थेट समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फुंकर बसते. इअरफोनचा माइक कॉलरवर लावत असाल तर तो ओढणीला किंवा केसांना घासत नाही ना, ते एकदा ऐकून खात्री करा. रात्री साडेदहानंतर किंवा पहाटे करा; भाजीवाला, दूधवाला, रिक्षा यांच्यावर आपला हुकूम चालत नाही. काही न बोलता वीस सेकंद खोलीची शांतताही रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधल्या फटीत ती भरली की जोड ऐकू येत नाही.

प्रत्येक वाक्य दोनदा बोला. दुसरं बहुतेक वेळा बरं निघतं.

कृतीचा मूळ आवाज पूर्ण काढून टाकू नका. हवा सुटतानाची फुसफुस आणि घमेल्यातले बुडबुडे ऐकू आले पाहिजेत, बघणाराही तोच आवाज शोधणार आहे.

जोडकाम

फोनवर इनशॉट, किनमास्टर किंवा व्हीएन, आयफोनवर आयमूव्ही. इनशॉट आणि किनमास्टरच्या फुकट आवृत्तीत कोपऱ्यात त्यांचा शिक्का उमटतो, तो शाळेला चालतो का ते आधी विचारा. संगणकावर शॉटकट फुकट आहे, मुक्त आहे आणि शिक्का मारत नाही.

आधी क्लिपांना नावं द्या: ०३ बुडबुडे जवळून, ०४ खडू. कंटाळवाणं काम आहे, पण ‘व्हीआयडी’ने सुरू होणाऱ्या ऐंशी फायलींत खडू शोधणं त्याहून कंटाळवाणं. मग आवाजाची पट्टी खाली पसरा, आणि तिच्यावर वाक्यागणिक चित्रं बसवत जा. जिथे वाक्य संपलं पण हात अजून काम करतोय तिथे आवाजाला थांबवा, हाताला नाही. पानासारखे उलटणारे, फुलासारखे उमलणारे दृश्यबदल नकोत. साधा काप पुरतो.

मराठी अक्षरांची एक डोकेदुखी सांगून ठेवते. काही ॲप्समध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि ‘पंक्चर’चा ‘क’ पाय मोडून वेगळा उभा राहतो. फॉन्ट बदलून बघा. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले देवनागरी फॉन्ट मोफत वापरता येतात. तरीही फुटलं तर ॲपशी भांडू नका. पांढऱ्या कार्डावर जाड मार्करने लिहा, त्याचा फोटो काढा आणि तो मधे टाका. आमच्या व्हिडिओत सगळ्या पाट्या भाचीच्याच अक्षरात होत्या.

संगीत हवंच असेल तर फक्त सुरुवातीला आणि शेवटी. सिनेमातलं गाणं घालू नका, ते दुसऱ्याच्या हक्काचं आहे. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत मिळतं. घरात कुणी पेटी वाजवत असेल तर दहा सेकंद वाजवून घ्या, त्याची श्रेयनामावलीत नोंद करा.

नवख्याची परीक्षा

स्पोकन ट्युटोरियलवाले आपली संहिता विषय न येणाऱ्या माणसाकडूनही तपासून घेतात. तुम्हीही एक असा माणूस धरा. त्याच्यापुढे फोन, पंक्चर ट्यूब, सगळं सामान ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं. तो व्हिडिओ कुठे थांबवतो, कुठे मागे नेतो, कुठे तुमच्याकडे बघतो, तेवढं मिनिट-सेकंदासह लिहा. ‘छान झालाय’ या शेऱ्याचा काही उपयोग नाही.

भावजी दुसऱ्या खेपेला दोन ठिकाणी अडले. व्हॉल्व्हचा नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते दिसत नव्हतं, आणि ठिगळाचा मागचा कागद काढायचा असतो हे आम्ही सांगितलंच नव्हतं. आम्हाला ते इतकं उघड वाटलं होतं! दोन्ही क्लिपा पुन्हा घेतल्या, वीस मिनिटांचं काम. उजेड मूळ चित्रीकरणासारखा मिळावा म्हणून सकाळच्या त्याच वेळी, त्याच पोत्यावर, त्याच शर्टात. शर्ट धुवायला टाकू नका, असं घरी आधीच सांगून ठेवा.

जमा करताना

अंतिम फाइल एमपी४, १०८०पी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान करतो आणि खडूची खूण गायब होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे जसाच्या तसा जातो, २ जीबीपर्यंत. ड्राइव्हची लिंक देणार असाल तर परवानगी ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी करा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. बाईंना रात्री अकराला ‘परवानगी मागा’ असा पडदा दिसणं बरं नव्हे. यूट्यूबवर टाकायचा तर ‘अनलिस्टेड’ ठेवा, आणि घरच्या मोठ्यांना विचारून.

सोबत एक पान जोडा: कुणी काय केलं, किती वेळ लागला, नवख्याच्या परीक्षेत काय सापडलं आणि काय बदललं. भाचीच्या बाईंनी व्हिडिओपेक्षा त्या पानावर जास्त प्रश्न विचारले.

मूळ क्लिपा निकाल लागेपर्यंत पुसू नका. आणि चाकातली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा दाबून बघा.